दारावर नवं, ताटात भात नाही

गाव सोडलं तेव्हा माझ्या पायाशी तांदळाचं पोतं होतं. तिठ्यावर मुंबईची एसटी उभी राहिली, नवऱ्याने ट्रंक टपावर चढवली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते पोतं स्वतः आत आणून माझ्या सीटखाली कोंबलं. कंडक्टर कुरकुरला. आबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ह्यो तांदूळ आपलो. संपलो की सांग. बाजारचो खाव नको," एवढंच मला म्हणाले आणि उतरले. आई खाली उभी होती, एका पायात वहाण आणि दुसऱ्या पायाला फडकं. कापलेल्या भाताचं धसकट तळपायात घुसलं होतं आणि जखम काही केल्या भरत नव्हती. "जेवल्याशिवाय निजा नको गो," ती खिडकीतून म्हणाली. नव्या नवरीला आईने काहीतरी मोठं सांगायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

तुम्ही जे तिथे राहिलात आणि जे माझ्यासारखे पोतं घेऊन निघालात, त्या सगळ्यांना मला काही सांगायचं आहे. कारण तुम्ही माझ्याबद्दल जे बोलता ते बोरिवलीपर्यंत पोचतं. गावाहून येणारा प्रत्येक माणूस ते घेऊन येतो. "मुंबैक गेली, आता घरचो भात चलना नाय." हो, चालत नाही. का चालत नाही ते एकदा नीट ऐका, आणि मग काय बोलायचं ते बोला.

आईचा तो पाय तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तिला साखरेचा आजार होता. तालुक्याच्या डॉक्टरने भात सोडायला सांगितला, तेव्हा ती हसली होती. "भात सोडून जगान काय करू?" आबाही हसले, काकीही हसली. आबा रोज सकाळी फडकं सोडून जखम बघायचे आणि म्हणायचे, "उद्या सुकतली." ती सुकली नाही. आधी बोटं गेली, मग घोट्यापर्यंत पाय गेला, मग आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने पोटभर भात खाल्ला, मीही खाल्ला. दुसरं काय खाणार होते?

मग माझी पाळी आली. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली त्याच सुमाराला मला सारखी तहान लागायची, पाय जड व्हायचे. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, गोळ्या घ्या, साखर बंद, बटाटा बंद, भात बंद. मी घरी आले, मोरीत तोंडावर पाणी मारलं आणि आईच्या फोटोला म्हटलं, मी तुझ्यासारखी जाणार नाही. हे मी रडत म्हटलं, पण म्हटलं.

भात मी त्याच दिवशी सोडला. दुपारचा सोडला, रात्रीचा सोडला. पुढच्या वेळी रक्त तपासलं तर साखर तिथल्या तिथेच.

"भात खरंच सोडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"शप्पथ."

"मग सकाळी काय घेता?"

"काही नाही, पेज."

"पेज कसली?"

"उकड्या तांदळाची."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, मग तो तांदूळच ना!"

हसा तुम्ही. पण खरं सांगा, आपल्याकडे पेजेला भात कोण म्हणतं? पेज म्हणजे पेज. गुरं सोडायच्या आधी प्यायची, आजाऱ्याला द्यायची, बाळंतिणीला द्यायची. मी भात सोडला होता, अगदी मनापासून सोडला होता, आणि रोज सकाळी वाडगाभर पेज पीत होते. त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि बघितलं. आंबोळी तांदळाची, घावन तांदळाचं, शेवया तांदळाच्या. अगं बाई, मासा तळताना वरून लावतो ते पीठसुद्धा तांदळाचं! आपण भात खात नाही, भातात राहतो. सोडायचं म्हणजे नुसती एक मूद सोडायची नव्हती.

तरी सोडलं. आणि उपाशी राहिले असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आमच्या बिल्डिंगमध्ये गोराईहून एक कोळीण यायची, जनाबाई. होडीने खाडी ओलांडून डोक्यावर पाटी घेऊन चार मजले चढायची. तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पाटी उतरवत म्हणाली, "भात नाय खायाचा? मंग म्हावरा जास्ती घे गो!" मी घेतला. बांगड्याचं तिखलं करायला लागले, तिरफळं घालून, अंगासरशी आटवून. ते नुसतं खाल्लं तरी पोट भरतं. मासा हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून नुसताच तव्यावर टाकायचा. आधी चिकटतो, पण घाई केली नाही तर आपला आपण सुटतो. वांग्यात सुके बोंबील, लाल माठात सुका जवळा, पडवळात कोलंबी. शेवग्याचा पाला ओलं खोबरं घालून. सकाळी पेजेच्या जागी कांदा-मिरची घालून अंड्याची पोळी, कधी भिजवलेल्या मुगाचं छोटंसं घावन. दुधी तर मी आयुष्यात हातात धरला नव्हता. समोरच्या हंसाबेनने तो तीळ-मोहरीची फोडणी देऊन खायला शिकवला.

याच हंसाबेनने एकदा सांगितलं, कोबी एकदम बारीक चिरून वाफव, भातच वाटेल. केला. वर कढी घातली, पहिला घास घेतला आणि मला इतका राग आला की ताट सरकवून उठले. भाताचं सोंग मला नको होतं. नसेल तर नसेल. त्याच कोबीची दुसऱ्या दिवशी चणाडाळ न घालता, नुसती खोबरं-मिरचीची भाजी केली, तर गोड लागली.

सगळ्यात कठीण गेली ती आमटी, माशाची. तिला भाताशिवाय करायचं काय? शेवटी मी ती जाडसर आटवून वाटीत घेऊन प्यायला लागले. आमचे हे बिस्किटांच्या कारखान्यात कामाला, घरात सदा तुटक्या बिस्किटांचा डबा भरलेला. ते म्हणाले, "आमटी चहासारखी पितेस तू?" मी म्हटलं, "तुम्ही चहात बिस्किटं बुडवता ना, तेव्हा मी काही बोलते का?" मुलींच्या ताटात भात होता आणि आहे. माझ्याच हातचा, आबांच्याच तांदळाचा. पोतं दर वर्षी यायचं, मी तो निवडायचे, शिजवायचे, वाढायचे. वास घरभर सुटायचा. पहिले काही महिने त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, ते लपवायचं कारण नाही.

गावात काही सांगितलं नव्हतं. ते नव्याच्या दिवशी फुटलं.

इथे जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी सांगते. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार झालं की पहिल्या लोंब्या आणतात, आंब्याची पानं आणि कुर्डूची फुलं घालून त्यांची जुडी बांधतात. तेच नवं. ते देवाला दाखवून दाराच्या चौकटीला लावतात, आणि त्या दिवशी नव्या तांदळाचा भात घरातल्या प्रत्येकाने खायचा. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो. आबांनी स्वतः वाढलं. माझ्या पानात मूद पडली, मी तिला हात लावून कपाळाला लावला आणि थोरलीच्या पानात सरकवली. आबांनी पुन्हा वाढली. मी पुन्हा सरकवली.

"माका साखर आसा, आबा," मी म्हटलं. "आयेची होती तीच."

मग काकी म्हणाली, देवाच्या घासाने काही होत नाही, एक शीत तरी खा. एक शीत खाल्लं असतं तर काय बिघडलं असतं, असं तुमच्यातल्या पुष्कळांनी मला नंतर विचारलं. काही बिघडलं नसतं, मलाही ठाऊक आहे. पण आईलाही सगळे असंच म्हणायचे. आज सणाचा, उद्या लग्नाचा, परवा पाहुण्यांबरोबरचा. मला त्या पंगतीत सगळ्यांसमोर एकदा नाही म्हणायचं होतं, आणि ते शिताएवढंही कमी करून म्हणायचं नव्हतं.

वाढून पानावर बसलेले आबा तसेच उठले. दर वर्षी निघताना ते आमच्या बोरिवलीच्या दारासाठी एक जुडी बांधून द्यायचे. त्या वर्षी मी मागितली तेव्हा खळ्यात पाठमोरे उभे राहून म्हणाले, "नव्याचो भात गळ्याखाली उतरना नाय, मगे दाराक नवा कशाक व्हया?"

मी बोरिवलीला आले आणि दारावरची जुनी, वाळलेली जुडी तशीच ठेवली. उंदरांनी दाणे खाल्ले, काड्या उरल्या. मुली म्हणायच्या काढून टाक. मी काढली नाही. चौकटीला ठोकलेला खिळा माझ्या घराचा होता, तो कोणी काढू शकत नव्हतं. पण खरं सांगायचं तर येता-जाता तिकडे बघवायचं नाही. आईनंतर माझं तिथे जे काही होतं ते आबाच होते.

पुढच्या उन्हाळ्यात आबांना यावंच लागलं. मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन मुंबईलाच करायचं ठरलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते आमच्या खोलीत बसून असायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. जेवायला बसले की त्यांच्या ताटात भात, माझ्या ताटात बांगडा, पाल्याची भाजी, वाटीत आमटी. ते उघड्या डोळ्याने माझ्या ताटाकडे बघायचे आणि मान खाली घालून जेवायचे.

एके दिवशी मासे कापून उठताना माझ्या हातून विळी निसटली आणि पायावर पडली. रक्त बरंच गेलं. आबांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी माझं दुखणं विसरले. डॉक्टरांनी दोन टाके घातले, मलम दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंग करायला बसले तर आबा भिंतीला धरून आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि माझा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला. बाप लेकीचा पाय मांडीवर घेतो का? मी ओढून घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही. पट्टी सोडली, वाकून एका डोळ्याने बघितलं, पुन्हा बांधली. "उद्या सुकतली" असं मात्र म्हणाले नाहीत.

मग ते रोजचंच झालं. मी अंड्याची पोळी खाऊन उठले की ते येऊन बसायचे. मलाही भीती होतीच. रोज पट्टी सुटताना मी आईच्या फोटोकडे बघत राहायचे. कडा जवळ आल्या, ओल कमी झाली, खपली धरली. एका सकाळी आबांनी पट्टी सोडली, अंगठ्याने हलकेच दाबून बघितलं. मला दुखलं नाही.

"सुकली गो," ते म्हणाले. आणि माझा पाय तसाच धरून रडायला लागले, पट्टीखालच्या डोळ्यानेसुद्धा. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं. आईसाठी ते तेराव्यालाही रडले नव्हते.

गावी परत जाताना भाताबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. शरदाच्या दिवसांत वाडीतला एक माणूस मुंबईला आला, त्याच्याबरोबर आबांचं पोतं आलं. नेहमीपेक्षा हलकं. मुलींच्या पुरता थोडा तांदूळ तळाशी वेगळा बांधलेला होता. बाकी सुके बांगडे, सोलं, तिरफळं, वाळवलेला जवळा. आणि सगळ्यात वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, हिरव्या-पिवळ्या लोंब्यांची जुडी. "आबांनी सांगल्यानी हा, नवा दाराक बांध," तो माणूस म्हणाला, पाणी प्यायला आणि गेला.

आता बोला तुम्ही. मुंबईची झाली म्हणा, भाताशी नाळ तोडली म्हणा. माझ्या बापाच्या शेतातलं नवं माझ्या दारावर आहे. आणि माझ्या ताटात त्याचं एक शीतही नाही. या दोन्ही गोष्टी ज्या चौकटीत राहतात ते माझं घर, आणि ते मी कोणाला विचारून बांधलेलं नाही.

त्या दिवशी ह्यांनी स्टूल आणलं, मी वर चढले तशी म्हणाले, उतर, मी लावतो, पडशील. मी ऐकलं नाही. जुन्या काड्या काढल्या, खिळा पुसला आणि जुडी बांधली. दोन्ही पायांवर उभी राहून.