बरण्यांची बस

पेत्काना नवी सून होती तेव्हाची गोष्ट. सहकारी शेतीच्या कचेरीमागे जर्दाळूच्या सावलीत बसून ती मिरच्यांची देठं काढत होती आणि डोक्यावरच्या उघड्या खिडकीतून भांडण ऐकू येत होतं. कान टवकारायची गरज नव्हती. तिचे सासरे त्सेको बोलायला लागले की शेजारच्या गावची कुत्रीसुद्धा गप्प बसायची.

"कारखाना आमच्याच गावात झाला पाहिजे," सासरे म्हणत होते. "मिरची आमची, टोमॅटो आमचा, राबणारे हात आमचे. मग डब्यात भरायला खाली शहरात कशाला?"

"कारण मोठा रस्ता खाली आहे, कॉम्रेड त्सेको." जिल्ह्याहून आलेल्या साहेबाचा आवाज पाकात घोळवलेला. "जिथं रस्ता, तिथं कारखाना."

"अहो, तुम्ही कारखाना वर काढा, रस्ता येतो मागून!"

"रस्त्याला काय पाय असतात?"

"नसतात ना? मग तो शहरात कसा जाऊन पोचला?"

साहेब हसला. "बरं, रागावू नका. कारखाना खालीच राहील. पण तुमच्या द्रेनोवित्सा गावाला मी बस देतो. सकाळी खाली, संध्याकाळी वर. रोज."

"कारखाना मागितला आणि हातावर बस ठेवता?"

"नको असेल तर तसं सांगा. घेणारी गावं पुष्कळ आहेत."

टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. पेत्कानाला वाटलं, आता साहेबाचं नाक फुटलं. पण सासरे नुसतेच ओरडले, "आणा तुमची बस!"

तर आमच्या गावाला बस मिळाली ती अशी, समजूत म्हणून. रडणाऱ्या पोराच्या हातात बिस्कीट द्यावं तशी.

पुढं मिरच्या ट्रकमधून खाली गेल्या आणि पोरं बसमधून. मिरच्या दरवर्षी नव्या येत. पोरं मात्र गेली ती सणावारालाच दिसायची. मग राज्य बदललं, लाल झेंडे उतरले, आणि ज्याच्यासाठी एवढं भांडण झालं तो कारखानाही बंद पडला. यंत्रं भंगारात गेली, छपरावर भोपळ्याएवढी झुडपं उगवली. पेत्कानाचा नवरा गेला. शाळा गेली, दवाखाना गेला. टीव्हीवर राजधानी सोफियातली माणसं सांगायची की बल्गेरियाचा हा वायव्य कोपरा म्हणजे सबंध युरोपातला मागासातला मागास. पेत्काना म्हणायची, "चला, कशात तरी नंबर लागला!"

सगळं गेलं, बस राहिली. कशी कोण जाणे, कुणाच्या लक्षात आलं नसेल.

आणि बस राहिली म्हणून बरण्या राहिल्या. सप्टेंबरात आमच्याकडे अंगणाअंगणात मिरच्या भाजतात. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर आटवायच्या, की ल्युतेनित्सा तयार. ती बरण्यांत भरायची, बरण्या केळ्यांच्या खोक्यात, खोकी बसमध्ये. ड्रायव्हर नायदेन ती खाली सोफियाच्या गाडीवाल्याच्या हवाली करायचा आणि तिकडे सोफियात कुणाचा मुलगा, कुणाची नात उतरवून घ्यायची. लोणची, मुरंबे, जर्दाळू, डुकराची चरबी, सगळं असंच. राजधानीचं पोट आमच्या बरण्यांवर भरलंय असं पेत्काना म्हणायची, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

हे सगळं पेत्कानाच्या घरून चालायचं, कारण तिचं घर थांब्याला लागून. तिची चौथी कशीबशी झालेली, लिहायचा कंटाळा. म्हणून खोक्यांना ती लोकरीचे धागे बांधी. हिरवा धागा शेजारच्या कामेनच्या मुलाचा, पिवळा मास्तरणीच्या मुलीचा, निळा तिच्या स्वतःच्या लेकीचा, वेस्काचा. बरणी परत आलीच पाहिजे आणि रिकामी येता कामा नये, हा तिचा कायदा. सोफियाची मुलं मुकाट्यानं आत कॉफी नाहीतर गुडघेदुखीचा मलम घालून पाठवत.

वेस्का दर रविवारी फोन करायची.

"आई, आता पुरे. इकडे ये. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे."

"लिफ्टमध्ये कोंबड्या चढतील का गं?"

"तुला थट्टा सुचते. उद्या पडलीस बिडलीस तर तिथं आहे कोण?"

"कामेन आहे."

"कामेनकाका तुझ्याहून म्हातारा आहे!"

"म्हणून तर. तो पडला तर मी लागेन की."

एकदा वेस्का फोनवर रडली. तेव्हा पेत्काना नरमली आणि शब्द देऊन बसली. "हे बघ, बस आहे तोवर मी इथं. बस बंद झाली की दुसऱ्या दिवशी येते. झालं?" बस बंद होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बस तिच्या डोळ्यांदेखत, नव्हे, कानांदेखत मिळालेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात नायदेन सांगत आला, "आजी, या आठवड्यात वरच्या कचेरीची माणसं बसमध्ये बसणार आहेत. कोणती बस ठेवायची, कोणती काढायची ते बघताहेत. गावाला सांग, जरा नीट वागा म्हणावं."

पेत्कानानं गावाला सांगितलं. अगदी मनावर घेतलं तिनं. बसच्या काचा व्हिनेगरनं पुसून घेतल्या. ड्रायव्हरजवळ फुलं लावली. आणि सगळ्यांना दम भरला, "पाहुणे येताहेत. मिरच्यांचा हंगाम, बस खोक्यांनी भरलेली. त्यात तुम्ही घुसाल तर त्या बिचाऱ्यांनी बसायचं कुठं? हा आठवडा कुणी खाली जायचं नाही. आपली अब्रू आहे."

"माझा दात दुखतोय," कामेन म्हणाला.

"एवढ्या वर्षांत तुझा दात दुखायला हाच आठवडा मिळाला? लवंग धर."

आणि गाव शहाण्यासारखं घरी बसलं. बस रोज निघायची ती टपापर्यंत बरण्यांनी भरून. प्रत्येक सीटवर खोकं, खोक्याला रंगीत धागा, आणि पुढच्या दोन सीटा पाहुण्यांसाठी मोकळ्या. थांब्यावर सगळे हात हलवायला उभे. पाहुण्यांनी आठवडाभर प्रवासी मोजले. त्यांना मोजायला एकही सापडला नाही.

नाताळच्या आधी बातमी आली. नव्या वर्षापासून बस बंद.

पेत्काना त्या दिवशी जेवली नाही. कामेन समजूत घालायला आला आणि समजूत घालता घालता म्हणाला, "तरी मी सांगत होतो, माझा दात दुखतोय."

"चालता हो," ती म्हणाली, आणि त्याला सूप वाढलं.

बस का बंद होणार ते समजवायला वरच्या कचेरीतून एक मुलगी आली. देनित्सा तिचं नाव. वाचनालयाच्या थंडगार खोलीत सगळे कोट घालून बसले. तिनं भिंतीवर नकाशा लावला. शहरांभोवती मोठी मोठी वर्तुळं काढलेली.

"पैसा थोडा आहे," ती म्हणाली. "तो सगळीकडे शिंपडला तर कुठंच काही उगवत नाही. म्हणून आधी या शहरांना द्यायचा. ती वाढली की आजूबाजूच्या गावांना फायदा होईल."

"आणि आम्ही कुठं आहोत, बाळ?" पेत्कानानं विचारलं.

देनित्सानं शोधलं. द्रेनोवित्सा नेमकं नकाशाच्या घडीत आलं होतं. तिनं घडी बोटानं सपाट केली. "इथं, आजी."

"वर्तुळाच्या बाहेर."

"हो. बाहेर."

"म्हणजे जिथं रस्ता, तिथं कारखाना."

"काय म्हणालात?"

"काही नाही. जुनं गाणं आहे. आधी गायचा तो साहेब जाडा होता, एवढाच फरक."

सगळे हसले. देनित्साही हसली, पण मग खुर्ची ओढून पेत्कानासमोर बसली. "आजी, मी पण अशाच गावची. शाळा बंद झाली त्या वर्षी आमचं घर उठलं. मला कळत नाही असं नाही. पण एक सांगा, आठवडाभरात तुमच्या गावातलं एक माणूस बसमध्ये चढलं नाही. कुणालाच नको असलेली बस मी कुठल्या तोंडानं मागू?"

"नको असलेली?" पेत्काना उठून उभी राहिली. "अगं, तुमच्या माणसांना बसायला जागा हवी म्हणून आम्ही घरी बसलो! मीच बसवलं सगळ्यांना! हा कामेन दात धरून बसला होता!"

"अजून दुखतोय," कामेन म्हणाला.

देनित्सा आधी बघतच राहिली. मग अशी हसायला लागली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता पुसता तिचं तोंड उतरलं. "आजी, निर्णय झालाय. बस परत आणणं माझ्या हातात नाही." थोडा वेळ तिनं नकाशाच्या घडीकडे पाहिलं. "एक छोटी गाडी असते. आदल्या दिवशी फोन केला तरच येते. डोंगरातल्या दोन-चार गावांत देऊन बघताहेत. मी तुमचं नाव घालून बघते. पण मिळाली तर माणसं बसली पाहिजेत, आजी. माणसं."

"आणि बरण्या?"

"बरण्या मांडीवर."

निघताना पेत्कानानं तिच्यापुढं ल्युतेनित्साची बरणी धरली. देनित्सा मागं सरकली. "मला काही घेता येत नाही, आजी. आम्हाला मनाई आहे."

"देतंय कोण? उसनी आहे. बरणी परत करायची. आणि रिकामी नाही."

नवं वर्ष लागलं. बस आली नाही. पेत्कानानं आठवडाभर थांब्याकडं पाहिलं आणि मग वेस्काला आपणहून फोन केला. शब्द म्हणजे शब्द. कोंबड्या कामेनला दिल्या. मिरच्या भाजायचा पत्रा मास्तरणीला दिला. लोकरीचे धागे कुणाला द्यावेत ते सुचेना, म्हणून ते खिशात घातले.

वेस्का जानेवारीच्या बर्फातून मोटार घेऊन आली. पेत्काना कोट घालून, बॅग पायाशी घेऊन, अंगणातल्या बाकावर तयार बसलेली. आई एवढी शहाण्यासारखी बसलेली पाहून वेस्काच कावरीबावरी झाली.

"आत थांबायचं ना. गारठलीस."

"आत थांबले तर निघणार नाही, बाई. चल लवकर."

बॅग मोटारीत ठेवली. दाराला कुलूप लागलं, पेत्काना मोटारीत बसली. तेवढ्यात वळणावरून एक पांढरी गाडी घरघरत वर आली, पावाच्या गाडीपेक्षा जराशीच मोठी. थांब्यावर येऊन थांबली. नायदेन उतरला. त्याच्या हातात एक बरणी होती. धुतलेली, घट्ट झाकणाची, आत कॉफी.

"आजी, हे कचेरीतल्या मुलीनं दिलंय. म्हणाली, उसनं फेडलं म्हणून सांगा. आणि ही गाडी दर गुरुवारी. पण आदल्या दिवशी फोन पाहिजे, नाहीतर मी यायचा नाही. आज नुसती दाखवायला आणलीय."

पेत्काना मोटारीतून उतरली. गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली, पायरी पायानं दाबून बघितली.

"आई," वेस्का म्हणाली, "ही बस नाही. हा डबा आहे."

"वर येते का?"

"येते."

"खाली जाते का?"

वेस्का बर्फातच थांब्याच्या कट्ट्यावर बसली आणि रडतेय की हसतेय ते नायदेनला कळेना, म्हणून तो उगाच टायर बघायला लागला. थोड्या वेळानं वेस्का उठली. मोटारीतून बॅग काढून दाराशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "कुलूप उघड. कॉफी तरी करू."

संध्याकाळी ती परत गेली तेव्हा मागच्या सीटवर तीन खोकी होती, निळ्या धाग्याची. कामेननं कोंबड्या परत केल्या. एक कमी होती, तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मग गुरुवार सुरू झाले. आता पेत्कानाचा कायदा उलटा: खोकं जाईल तर माणूसही जाईल. पाळ्या लावलेल्या. ज्यांना शहरात काडीचं काम नव्हतं ते मांडीवर बरण्या घेऊन जायला लागले. कामेननं दात काढला, मग कवळी केली, मग कवळी दाखवायला म्हणून जायला लागला. मास्तरणीनं केस रंगवले. देनित्साची बरणी तर दर हंगामात जायची आणि यायची. तिच्या धाग्याचा रंग जांभळा. वर्तुळात काही आम्ही आलो नाही. घडीतच राहिलो, पण घडीत गाडी यायची.

अशी बरीच वर्षं गेली. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो काळ्या चौकटीत छापून दारावर, खांबावर, थांब्यावर चिकटवतात. पेत्कानाचा फोटोही थांब्यावर लागला, जर्दाळू फुलले होते तेव्हा. फोटोत ती कुणाला तरी दम भरतेय असं वाटतं. पण त्याच्या आदल्या गुरुवारी ती रोजच्यासारखीच उठली होती.

तिनं खोक्यांना धागे बांधले. हिरवा, पिवळा, जांभळा, शेवटी निळा. पाळी तिची नव्हती, मास्तरणीची होती, पण मास्तरणीला सर्दी. नायदेननं हात दिला तो तिनं घेतला नाही. त्याच्या हातात खोकं दिलं आणि स्वतः दांडी धरून चढली. कामेन आधीच खिडकीशी बसलेला.

"तुझं काय काम आज?"

"कवळी सैल झालीय."

"तोंड बंद ठेव, बसेल घट्ट."

शहरात तिनं खोकी सोफियाच्या गाडीवाल्याच्या हवाली केली, एकेक हात लावून दाखवत. परत आलेल्या बरण्या घेतल्या, उघडून वास घेतला, कुणी काय घातलंय ते बघितलं. मास्तरणीसाठी सर्दीचं औषध घेतलं. बाकावर बसून कामेनबरोबर चीज घातलेली गरम, पापुद्र्याची बानित्सा खाल्ली, कडा त्याला दिल्या, कारण त्याला कडा चाववत नाहीत हे तिला माहीत होतं आणि गंमत बघायची होती.

गाडीनं दुपारी त्यांना वर आणून सोडलं. मास्तरणीचं औषध तिच्या कुंपणावरून दिलं. मग बरण्या रिकाम्या करून धुतल्या, अंगणातल्या फळीवर उपड्या घातल्या, झाकणं वेगळी ठेवली, आणि ओल्या हातानंच फोन उचलला. बुधवारपर्यंत थांबून विसरण्याएवढी ती भोळी थोडीच होती.

"हॅलो, नायदेन? पुढच्या गुरुवारी ये रे. द्रेनोवित्सा. हो, हो, माणसं आहेत."