ऐंशीचे अकरा

माह्या बायकोले, सुमेधाले, धातूचं वावडं आहे. अंगाले नाही, तिच्या पीएच.डी.ले. ती पुसदच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. औषधाच्या कच्च्या मालाले हायड्रोजन जोडायचा तर पॅलॅडियमसारखा धातू लागते, अन् मग त्याचे कण औषधात उरतात, काढता काढता नाकी नऊ येतात. हेच काम धातूशिवाय, साध्या सेंद्रिय उत्प्रेरकानं करायचं, हा तिचा ध्यास. जेवतानाही तेच. मी बँकेतला माणूस, मले काय त्याचं?

लॅबमध्ये तिनं स्टीलचा चमचा बंद केला. बांगड्या काढून आत जाते, तर आई माह्यावरच फुगून बसली, जशा काही मीच काढायले लावल्या. पण रिअॅक्शन जमली. शंभर ग्रॅम व्हायले पाहिजे तिथं ऐंशी ग्रॅम माल. गाईड खूश. थीसिस फक्त द्यायची राहिली होती.

तेवढ्यात तिचं लक्ष ढवळायच्या गोळीवर गेलं. आत चुंबक असलेली पांढरी गोळी, भांड्यात गरगर फिरते ती. त्या लॅबची रीत अशी, की सगळ्यांच्या गोळ्या अॅसिटोननं धुवायच्या अन् एकाच बरणीत टाकायच्या. हिच्या गोळीवर करडा डाग होता. कोणीतरी आधी त्याच गोळीनं पॅलॅडियम ढवळलं असन, अन् ते अॅसिटोननं निघत नाही. सुमेधानं नवी गोळी आणली. रिअॅक्शन जागची हलली नाही.

"थीसिस नाही देत," ती म्हणाली.

माहं डोकंच फिरलं. "कोण विचारून राह्यलं तुले गोळीचं? कायले पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यली?"

"अहो, यात धातू नाही असं मी लिहून देऊन राह्यली. माह्या भरवशावर कोणी औषध बनवलं तर?"

गाईडले फोन लावला, म्हटलं ते तरी समजावतील. ते म्हणाले, "मीही समजावून थकलो हो. तुम्हीच बघा."

पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवी भांडी, नव्या गोळ्या, उत्प्रेरक बदलून बदलून. घरात वरणाले फोडणी मी देत होतो, तीही करपलेली. अन् परवा संध्याकाळी ती हसतच घरी आली.

"अकरा ग्रॅम आले."

"ऐंशीवरून अकरावर आली, अन् हसतं कायले?"

"ते ऐंशी पॅलॅडियमचे होते. हे अकरा माहे आहेत."

मी चिडून जेवलोच नाही. अन् सकाळी बँकेत टेबलाटेबलावर जाऊन सांगत सुटलो, माह्या बायकोचे अकरा आले म्हणून.