दुकानाचा पत्ता

"हळू बोल गं," काका म्हणायचे आणि आधी मागे वळून बघायचे. अमेरिकेतल्या प्लेनोच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, काचा वर केलेल्या गाडीत आम्ही दोघंच असलो तरी. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. त्याला भित्रा म्हणायची घाई करू नका. मी केली होती.

ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणायचे. नागपूरचे, पन्नाशीचे, कंपनीच्या व्हिसावर आलेले. आम्ही दोघं एकाच टीममध्ये टेस्टर, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारे. आफ्रिकेतल्या एका देशाला व्यापार सोपा करायचा होता: दहा सरकारी खिडक्यांऐवजी एक वेबसाइट, फॉर्म भरला की त्याच दिवशी परवाना. ती आम्ही बनवत होतो.

"सीमेपलीकडे टोमॅटो नेतात त्या बायका. आता कुणाच्या हातापाया पडायला नको त्यांना." एवढं सांगताना मात्र काकांचा आवाज चढायचा.

मी मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेली. "काका, हे सगळं बड्या कंपन्यांसाठी आहे!"

"तुझा मोर्चा लंचनंतर काढ. आधी डबा खा."

मग तिकडची चाचणी आम्ही व्हिडिओवर पाहिली. बाजारातली एक बाई फॉर्म भरताना एका रकान्याशी अडली. दुकानाचा पत्ता. तिचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं फडकं. पत्ता नाही, म्हणून फॉर्म पुढे सरकेना. तिकडचा अधिकारी हसला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

काका पांढरेफटक पडले. प्रत्येक टेस्टमध्ये त्या रकान्यात त्यांनी सवयीने स्वतःच्या अपार्टमेंटचा पत्ता टाकला होता. प्रत्येक वेळी पास.

"माझी आई आठवडी बाजारात गोणपाटावर बसून भाजी विकायची," गाडीत ते म्हणाले. "आणि मी पास म्हणून सही केली."

"मग डिफेक्ट टाका ना! चूक आहे म्हणून नोंदवा!"

"सोमवारी साइट लाइव्ह होणार, जुन्या खिडक्या बंद. आत्ता अडवलं तर मला काढतील. साठ दिवसांत नवी नोकरी, नाहीतर देश सोडा. पोरगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे गं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिफेक्ट टाकला. स्वतःच्या नावाने. "चूक माझी आहे. ज्यांना दुकान नाही, त्यांना हा फॉर्म व्यापारी मानत नाही. लाइव्ह करू नये."

दुपारी त्यांच्या बॅजने दार उघडेना.

आज त्यांची खुर्ची रिकामी आहे. सकाळी तो डिफेक्ट माझ्याकडे आला. खाली मॅनेजरची एकच ओळ: बाराच्या आत क्लोज कर. म्हणजे चूक नाहीच, असं लिहून मिटवून टाक. माझाही व्हिसा याच कंपनीचा आहे.

साडेअकरा वाजलेत. काकांबद्दल आत्ताच लिहून ठेवतेय. मी तो क्लोज केला, तर बारानंतर तो हक्क मला उरेल की नाही, ठाऊक नाही.