घाईचा दात

वैजनाथच्या पायाला लहानपणापासून भिंगरी, आणि पोटासाठी पत्करलं ते काम मात्र वाट बघण्याचं. बिबवेवाडीतल्या दातांच्या लॅबमध्ये तो भट्टी सांभाळायचा. झिरकोनियाचा दात यंत्रातून कोरून निघतो तेव्हा खडूसारखा ठिसूळ आणि मुद्दाम थोडा मोठा ठेवलेला असतो. दिवसभर सावकाश तापला की तो आक्रसून मापात येतो, दगडासारखा पक्का होतो. तोवर माणसानं स्वस्थ बसायचं, आणि नेमकं तेच वैजनाथला जमायचं नाही. एकदा भट्टी निवायच्या आत दार उघडून त्यानं अख्खा ट्रे तडकवला होता.

"अहो वैजनाथराव, ही पीएमटी नव्हे," मालक यज्ञेश्वर केळकर म्हणाले होते. "पत्र्यावर थाप मारली म्हणून पुढे जात नाही."

आणि आता तर सख्ख्या आईचा दात होता. बहिणीच्या मुलीचं, चैतालीचं, उद्या लातूरला लग्न. पहिल्या नातीच्या लग्नात असं पुढचा दात पडलेलं तोंड घेऊन फोटोत उभी राहणार नाही, असं यमुनाबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. त्या दाताचं माप देऊन झालं होतं, पण कोरायचं यंत्र बिघडलं आणि दात हातात आला तो आज सकाळी. रात्रीच्या बसनं दोघांना निघायचं होतं.

"आत्ता घाला, संध्याकाळी निघेल," केळकर म्हणाले. "डॉक्टरांना थांबायला सांगतो."

निघेल, पण नाही निघाला तर? दिवसभर जीव टांगणीला लावून बसायचं? वैजनाथला ते सोसवेना. त्याला गावाकडची अपेक्षा नावाची मुलगी आठवली. ती इथल्या एका कॉलेजात संशोधन करत होती. बेतानं तापवलेल्या भट्टीत अशाच खडूसारख्या पट्टीतून ती वीज सोडते आणि पट्टी काही सेकंदांत घट्ट होते, हे त्यानं तिच्याच तोंडून ऐकलेलं. दात डबीत घालून त्यानं गाडीला किक मारली.

"काका, आम्ही सपाट पट्ट्या करतो," अपेक्षा म्हणाली. "दात कुठे जाड, कुठे पातळ. करंट कसा जाईल, सांगता येत नाही. रिस्क आहे."

"तू कर गं. मी आहे ना."

तो असून काय होणार होतं, देव जाणे. पण त्यानं दुपारपर्यंत तिच्या मागे इतका लकडा लावला की तिनं शेवटी दाताला दोन बाजूंनी तारा जोडल्या. भट्टी तापली, वीज सुरू झाली आणि एकदम लख्ख उजेड पडला. वैजनाथला आनंदानं भरून आलं. बाहेर काढल्यावर दिसलं, वीज पातळ कडेनंच धावली होती. ती कड वितळून काचेसारखी झालेली, बाकीचा दात खडूचा खडूच. त्याचा हातातच भुगा झाला.

सकाळीच भट्टीत घातला असता तर एव्हाना आईच्या तोंडात बसला असता. हे वैजनाथला बसमध्ये रात्रभर डाचत राहिलं. आई शेजारी शांत झोपली होती, त्यामुळे तर जास्तच.

लग्न लागलं. फोटोसाठी मामा म्हणून तो चैतालीच्या मागे उभा होता तेव्हा खिशात फोन थरथरला. केळकरांनी फोटो पाठवला होता. काल त्यानं फोनवर कळवल्यावर नवीन कोरलेला, भट्टीतून निघालेला, मोत्यासारखा दात. खाली एकच ओळ होती: 'तयार आहे. सवडीने या.'

वैजनाथचे डोळे भरून आले.

"आजी, पदर जरा खाली घ्या," फोटोवाला म्हणाला.

यमुनाबाईंनी तोंडावरचा पदर आणखी घट्ट धरला.

"काढ बाबा तसाच," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकाला लई घाई असती."