गालावरचं बोट

सोपान गेल्याचा फोन आला, तेव्हा मी "अरे वा, छान!" असं म्हणालो.

हे वाक्य कागदावर उतरवायला मला सहा आठवडे लागले. फोन त्याच्या जावयाचा होता. सोपानच्या मुलीचे, पल्लवीचे, दिवस भरत आलेले, त्यामुळे त्या घरून एकच बातमी येणार असं मी धरूनच चाललो होतो. "पप्पा" एवढा एकच शब्द कानात शिरला, बाकी नुसती गुरगुर. झाला पोरगा बाप, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि अभिनंदन करून मोकळा झालो. "पेढे कधी?" असंही विचारलं. त्याने फोन ठेवला आणि माझ्या बायकोला लावला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "सोपानभाऊ गेले. झोपेतच."

सोपान मूळचा मोशीचाच, आणि मी लातूरहून पोटासाठी आलेलो. कंपनीत तो मला नावाने हाक मारत नसे, नुसतं "ए लातूर" म्हणायचा. आम्ही दोघं प्रेस शॉपमध्ये शेजारशेजारच्या मशिनवर उभे राहिलो, आधी भोसरीत आणि कंपनी हलली तसे चाकणला. पत्रा कापणाऱ्या प्रेसचा दणका असा, की बोलायचं झालं तर एकमेकांच्या कानात तोंड घालून ओरडावं लागे. म्हणून आम्ही बोलत नसू. मुठीवर मूठ ठेवली की डाय, म्हणजे मशिनचा साचा, अडकला. नसलेल्या मिशीला पीळ दिला की सुपरवायझर येतोय. सोपानच्या खुणा इतक्या नेमक्या असत, की घरी बायको काय म्हणते हे कळायला जेवढे कष्ट पडायचे तेवढे तिथे कधीच पडले नाहीत. कानात घालायचे रबरी बोळे मिळायचे, ते आम्ही शर्टाच्या खिशात जपून ठेवायचो आणि पाहणीला साहेब आले की घालायचो. असला शहाणपणा.

वर्षातून एकदा कानांच्या तपासणीची गाडी यायची. आत काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. कान गेले तर प्रेसवरून काढून गेटवर बसवतील, ही धास्ती सगळ्यांनाच. त्यावर सोपाननेच तोड काढली. जोडीतला दुसरा माणूस तपासणाऱ्याच्या पाठीमागे उभा राहायचा. तपासणाऱ्याचं बोट शिट्टीच्या कळीवर गेलं, की मागच्याने गाल खाजवल्यासारखं बोट वर करायचं. आतला काचेतून ते बघणार आणि बटण दाबणार. मी सोपानला पास केलं, सोपानने मला. दरवर्षी बाहेर येऊन आम्ही टाळी द्यायचो आणि कागदावर आमचे कान ठणठणीत असायचे. कुणाला फसवत होतो आम्ही? आज आठवलं की स्वतःचीच चीड येते.

निवृत्तीनंतर हा घोटाळा अंगाशी आला, तोही पल्लवीच्या साखरपुड्यात. हॉल भरलेला, स्पीकर कर्कश्श. मुलाचे काका सोपानला म्हणाले, "पाहुणे, सगळे जमलेतच, तर आजच अक्षता टाकून घेऊ का?" सोपानला वाटलं, पंगत बसवून घेऊ का असं विचारताहेत. "व्हय व्हय, घ्या की!" मी शेजारीच उभा होतो. मलाही काही कळलं नव्हतं, म्हणून मीही जोरात मान हलवली. पल्लवीने वडिलांकडे पाहिलं, त्यांची मान डोलतेय म्हटल्यावर ती गप्प राहिली. अर्ध्या तासात अंतरपाट धरला गेला. मुलीचा मामा लग्नालाच येणार म्हणून जुन्नरला राहिलेला, तळवड्याच्या तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींना आमंत्रणही गेलेलं नव्हतं. अंतरपाट दिसला तेव्हा सोपानला उमगलं. पण चारचौघांत "मला ऐकू आलं नव्हतं" म्हणायची त्याला लाज वाटली आणि त्याने अक्षता टाकल्या. मामाने पुढे वर्षभर अबोला धरला.

काही महिन्यांनी त्याने पल्लवीला खरं काय ते सांगितलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, माझं लग्न तुम्हाला ऐकूच आलं नाही?" दुसऱ्या दिवशी तो आपणहून पुनावळ्याला कानाच्या डॉक्टरकडे गेला.

कानाला मशीन लावून तो आमच्याकडे आला तेव्हा वैतागलेला होता. "लई कालवा हाय रं! भांडी, पंखा, माजी सोताची चप्पल... समदं बोलतंय." पण आठ-दहा दिवसांत त्याचा चेहरा सैल पडला. कान टवकारून बसणाऱ्या माणसाला जो शिणवटा येतो, तो मी चांगला ओळखतो. दिवसभर शब्द जुळवायचे, राहिलेले अंदाजाने भरायचे, हसायचं कधी ते दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. सोपान त्यातून सुटला आणि मला त्याचा राग आला. हो, राग. इतकी वर्षं आम्ही दोघं बहिरे होतो, आता मी एकटाच उरलो. तो तोंडाने बोलायला लागला, खुणा विसरला. तो आला की मी झोपल्याचं सोंग घेऊ लागलो.

शेवटची भेट इंद्रायणीच्या पुलाजवळची. बसथांब्यावर तो दिसला आणि मला बघून लगबगीने आला. काहीतरी बराच वेळ सांगत होता. मागून डंपर चाललेले, मला एक अक्षर कळेना. "परत सांग" म्हणायचाही कंटाळा आला होता. मी म्हणालो, "हो हो, नक्की." त्याचा चेहरा एकदम उजळला. बस आली, तो चढला आणि खिडकीतून त्याने गालावर बोट वर केलं. कितीतरी वर्षांनी. मला वाटलं, जुनी आठवण म्हणून थट्टा करतोय. मी हात हलवला.

दहाव्याला पल्लवीजवळ बसलो होतो. ती अवघडल्या अंगाने माझ्या बरोबर समोर सरकली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काका, पप्पांनी त्यांच्या कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारचा तुमचा नंबर लावला होता. तुम्ही हो म्हणालात म्हणून खूश होते. त्या सोमवारी ते तिथे दुपारपर्यंत बसून राहिले."

"रागावला असेल," मी म्हणालो.

"नाही. घरी येऊन म्हणाले, लातूरला ऐकू आलं नसंल. आता त्येच्या घरी जाऊन खुनंनं सांगतो."

तो यायचा राहून गेला.

गेल्या सोमवारी मी पुनावळ्याला गेलो. तशीच छोटी खोली, तशीच काच, हातात बटण. तपासणाऱ्या मुलीने काचेपलीकडून पाटी दाखवली: ऐकू आलं तरच दाबा. दार लागलं. सवयीने माझी नजर तिच्या खांद्यामागे गेली. तिथे भिंत होती आणि एक रिकामी खुर्ची. तिचा हात हलताना दिसला, माझा अंगठाही बटणावर आला, पण कानात काहीच नव्हतं. मी दाबलं नाही. तिचा हात पुन्हा हलला... मी दाबलं नाही. मग मी डोळे मिटून घेतले आणि खूप वेळाने, फार लांबून, एक बारीक शिट्टी आली. आता बटण दाबायचं होतं. माझं बोट गालावर गेलं.