दोघेही प्रामाणिक आहेत असं गृहीत धरून

"वसू गेली गं..." डोंबिवलीहून काकूंचा फोन आला, तेव्हा मी ठाण्यात कॉलेजला निघायच्या गडबडीत होते. कॅन्सर होता, फार दिवस उरले नाहीत हेही ठाऊक होतं, तरी मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" त्याला आता महिना होत आला. वसुधा माझी वर्गमैत्रीण. कल्याणच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. लग्न केलं नाही, आईबरोबर, म्हणजे काकूंबरोबर, राहायची आणि नोकरी सांभाळून पीएचडी करायची.

तिचा विषय तिने मला त्यांच्या स्वयंपाकघरात, वाल सोलता सोलता समजावला होता. दोन कॉम्प्युटर लांबून एकमेकांशी गुप्तपणे बोलतात, आणि त्याआधी ओळख पटवायला ठरावीक निरोप पाठवतात. वाटेत कोणी ते निरोप चोरले, बदलले, तरी समोरचा तोच आहे याची खात्री राहते का, हे तिला तर्काने, एकेक पायरी मांडत सिद्ध करायचं होतं. "एकच शंका आहे," ती म्हणाली, "त्या दोघांतलाच एक लबाड निघाला तर..." ही शंका घेऊन ती तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली. सर म्हणाले, "दोघेही प्रामाणिक आहेत असं गृहीत धर. नाहीतर म्हातारी होशील, थिसीस संपणार नाही." तिने धरलं.

थिसीस दिला, तोंडी परीक्षा ठरली, आणि त्याच सुमारास परदेशातून बातमी आली. तिने सुरक्षित म्हणून सिद्ध केलेली पद्धत मोडली होती. बाहेरच्या चोराने नाही. आतलाच एक जण एकाशी रीतसर बोलत राहायचा आणि त्याचेच निरोप पुढे सरकवून, त्याच्या नावाने, तिसऱ्याला फसवू शकायचा.

परीक्षेला मी मागे बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हे गृहीतक कशाच्या आधारावर?" वसुधाने सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसला. "मी बजावलं होतं तिला," ते म्हणाले, "घाई नडली." थिसीस परत आला. स्टेशनकडे चालताना मी चिडून विचारलं, गप्प का राहिलीस? "'गृहीत धर' म्हणाले तेव्हा त्या खोलीत आम्ही दोघंच होतो ना. मी सांगितलं असतं, ते नाही म्हणाले असते..."

ती रडली नाही, कामाला लागली. लबाड भागीदारही धरून तिने सगळी सिद्धता नव्याने मांडली आणि सरांना नेऊन दिली. "ठेवून जा, वाचतो." वाचायला त्यांना फार वेळ लागला. पुढच्या वर्षी ती सिद्धता एका नियतकालिकात छापून आली, एकट्या सरांच्या नावावर. वसुधाने लायब्ररीत उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली. "बरोबर आहे," म्हणाली. "एक पायरी माझ्याकडून राहिली होती, ती त्यांनी भरलीय." मग तिने थिसीस पुन्हा सहीसाठी नेला, तर सर म्हणाले, "हे तर छापून आलंय. यात तुझं नवीन काय?"

पुढे छातीत गाठ निघाली. केमोने बोटं बधिर झाली, खडू धरवेना, तेव्हा तिने कॉलेज सोडलं. काकूंना तिने सरांबद्दल यातलं काहीही सांगितलं नाही. "आई सरांना देव मानते. तेवढं तरी राहू दे तिच्याकडे."

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे होते. बेल वाजली. काकू दाराशी गेल्या, पण उघडलं नाही. ती वसुधाची सवय. नुसतं 'मी' म्हणणाऱ्याला ती कधी दार उघडायची नाही, आणि आईलाही तिने तेच शिकवलं होतं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

बाहेरून सरांनी पूर्ण नाव सांगितलं. काकूंनी लगबगीने कडी काढली, त्यांना वसुधाच्या खुर्चीत बसवलं आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून ती एवढं शिकली."

"माझी लेकच होती ती," सर म्हणाले.

काकूंनी त्यांच्यावरचा पंखा वाढवला आणि चहा टाकायला आत गेल्या.