दुसऱ्या भागातला आवाज

गल्लीत त्याला सगळे ‘एजंट’ म्हणायचे. दिसायला म्हणाल तर चष्मा, सुटलेलं पोट आणि बारा महिने गळ्याला मफलर. पण हेरगिरीच्या त्या गाजलेल्या परदेशी पिक्चरचा नायक आपल्या भाषेत बोलला, तो याच्या घशातून! स्टुडिओच्या बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, पडद्यावरच्या ओठांकडे टक लावून हा बोलायचा. नायकाने उडी मारली की हा जागच्या जागी धापा टाकायचा.

लेक त्या पिक्चरची वेडी. दुसरा भाग येणार म्हटल्यापासून घरात दुसरा विषय नाही. “बाबा, सांगून ठेवते, नुसत्या गाड्या उडवल्या तर मी उठून जाईन. दगा देणारा मित्र परत आला पाहिजे, त्याचा हिशेब चुकता झाला पाहिजे. हेर थोडा थकलेला चालेल, पण तोच हवा. आणि आवाज तुझाच. तो बदलला की पिक्चर गेला खड्ड्यात!”

बाप गालातल्या गालात हसला. झालं, तिथेच फसला. थोड्याच दिवसांत स्टुडिओच्या साहेबाने त्याला चहा पाजला आणि “या वेळी जरा तरुण आवाज घेतोय, वाईट वाटून घेऊ नका” म्हणून बोळवण केली. घेतला कोणाला? याचीच नक्कल करत शिकलेल्या एका पोराला!

बायको म्हणाली, “पोरीला सांगून मोकळे व्हा.” पण याची जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर याला सांगायचंच नव्हतं. पहिलं वाक्य कानावर पडताच तीच उसळेल, भर थिएटरात म्हणेल, हा माझा बाबा नाही! तेवढ्यासाठी हा जीव मुठीत धरून तिच्या शेजारी जाऊन बसला.

हेराने तोंड उघडलं. बापाने पडद्याकडे नाही, लेकीकडे पाहिलं. ती मजेत पॉपकॉर्न खात होती. पुढे दगाबाज मित्र आला, दयेची भीक मागू लागला. हेर म्हणाला, “दार तू लावलंस. आता उघडायला मला सांगू नकोस.” पोरीने शिट्टी मारली, मग डोळे पुसले.

दिवे लागले तशी तिने बापाला मिठीच मारली. “कमाल केलीस, बाबा! पहिल्यापेक्षाही भारी! ते दाराचं वाक्य म्हणताना तुझा आवाज काय कापरा झाला रे!”

आता तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. 

बाहेर तिच्या मैत्रिणींनी घेरलं. “काका, ते दाराचं वाक्य म्हणा ना!” याने डोळे मिटले आणि पोटातून, आपल्या स्वतःच्या आवाजात म्हटलं. मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. लेक ओशाळली.

“असं नाही रे बाबा! पिक्चरमध्ये म्हटलंस तसं म्हण ना.”

बापाने घसा खाकरला, आणि त्या पोराची हुबेहूब नक्कल केली. लेकीने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.